एमॉसला वर आणताना

ईस्टरच्या जेवणाला तिबोर नेहमी एकटाच येई. म्हणून इलोनाने टेबलावर चारच ताटल्या मांडल्या होत्या. दाराबाहेर दोन माणसांच्या बुटांचा आवाज आला तेव्हा ती हातातल्या फडक्यासकट व्हरांड्यात गेली. धाकट्या लेकाच्या मागे एक उंच, काळा, सडपातळ पोरगा उभा होता. गळ्यात टाय होता, पण गाठ इतकी आवळलेली की बघणाऱ्याचा श्वास कोंडावा.

"आई, हा एमॉस पेटवे," तिबोर म्हणाला. "अलाबामाचा. सणाच्या दिवशी हॉटेलातलं सँडविच खात बसला होता."

"नमस्कार, मॅडम."

"मॅडम मॅनेजरच्या बायकोला म्हणायचं. मी इलोना आजी. तो टाय सोड आधी, नाहीतर माझं हॅम गळ्याखाली उतरायचं नाही तुझ्या."

एमॉस हसला. तिबोर मात्र तिची नजर टाळून आत शिरला, आणि इलोनाला कळून चुकलं. हा पोरगा नुसता जेवायला आणलेला नव्हता.

जेवणाच्या खोलीत आंदोर आणि माग्दा आधीच एकमेकांशी अबोला धरून बसले होते. माग्दा थोरली. बाप गेल्यापासून क्लबची अध्यक्ष. आंदोर मधला. कुठला खेळाडू घ्यायचा, कुठला सोडायचा हे सगळं त्याच्या हातात. क्लबची मालकी अजून इलोनाच्या नावावर होती, आणि तिच्या नवऱ्याने, कालमान केरेकेशने, सॉसेजच्या कारखान्यातून वर येऊन टोलेडोचा हा बेसबॉलचा क्लब विकत घेतला तेव्हापासून मोठे निर्णय याच टेबलावर होत आले होते. आजचा निर्णय काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी मधल्या मैदानात खेळणारा खेळाडू हस चेंडूमागे धावत भिंतीवर आदळला होता आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्याच्या जागी कोण?

ज्याच्याबद्दल बोलायचं तोच दारातून आत आला, तेव्हा आंदोरच्या हातातला काटा थांबला.

"तिबोर," तो म्हणाला, "जरा स्वयंपाकघरात येतोस?"

"नाही येत. भूक लागलीय."

माग्दाने रुमालाआड हसू लपवलं.

इलोनाने पाचवी ताटली आणली. हॅम वाढलं, रंगवलेली अंडी फिरवली, तिखट मुळ्याच्या किसाची वाटी पुढे केली. एमॉसने सांगण्याआधीच चमचाभर कीस तोंडात टाकला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"थुंकू नकोस," इलोना म्हणाली. "हे खाऊन जो रडत नाही त्याच्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही."

"मग... माझ्यावर ठेवा, आजी," तो कसाबसा म्हणाला, आणि टेबलावरचा ताण थोडा सैलावला.

जेवण झाल्यावर इलोनाने त्याला मागच्या अंगणात पाठवलं. तिथे शेजारच्यांची मुलं लपवलेली अंडी शोधत होती. "उंचावरची तू काढून दे त्यांना," ती म्हणाली. दार बंद झालं मात्र, आंदोर उसळला.

"हा काय प्रकार? त्याला इथे आणून माझ्यावर दबाव टाकायचा होता?"

"तू त्याला कधी पाहिलंस?" तिबोरने विचारलं. "कागदावरचा नाही म्हणत मी. समोर?"

"मार्चच्या सराव शिबिरात पाहिलाय."

"मार्चमध्ये सगळेच देव असतात. माझ्याकडे लिमात ये. रोज संध्याकाळी ये."

लिमा गाव दीड तासावर होतं. क्लबचा खालच्या लीगमधला संघ तिथे खेळे आणि तिबोर त्याचा मॅनेजर होता. गेली अनेक वर्षं तो तिथेच राहत होता, तिथेच पोरं घडवत होता. त्याच्या हाताखालून गेलेले कित्येक जण टोलेडोच्या स्टेडियममध्ये खेळले. तिबोरने मात्र त्या स्टेडियममध्ये पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं.

"पोरगा चांगला आहे, मी नाही कुठे म्हणतोय?" आंदोरने आवाज खाली आणला. "पण वीस वर्षांचा आहे. वळणाऱ्या चेंडूवर फसतो. अजून थोडं पिकू दे. घाई केली की काय होतं ते या घराला मी सांगायला हवं का?"

त्याचा रोख कुणाकडे होता ते भिंतीवरच्या कालमानच्या फोटोलाही कळलं असतं.

आंदोरला ते बोलल्याबरोबर वाईट वाटलं. पण मागे घेता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घ्यायचंही नव्हतं. एकोणीस वर्षांच्या तिबोरला बापाने थेट वर आणलं होतं. जाहिराती लागल्या होत्या, मालकाचा मुलगा मैदानात म्हणून. दोन आठवडे एकही फटका कामी आला नाही. प्रेक्षक 'बापाचा लाडका' म्हणून ओरडायचे, शिट्ट्या मारायचे. मग तो खाली गेला आणि पुन्हा वर आलाच नाही. आंदोर तेव्हा कॉलेजात होता. प्रेक्षकांत बसून त्याने ते ऐकलं होतं. पुढे क्लबचं काम हातात आलं तेव्हा त्याने मनाशी एकच गोष्ट पक्की केली, की माझ्या हातून कुठलंही पोर असं कोवळं तोडलं जाणार नाही. लोक त्याला चेंगट म्हणत, भित्रा म्हणत. म्हणू देत.

"हे एवढंच कारण आहे का?" माग्दाने विचारलं.

"म्हणजे?"

"पुढच्या सोमवारची गोष्ट सांग ना त्याला. वकील मला सांगून गेलाय, तुलाही सांगितलंच असेल."

आंदोरने खुर्ची मागे सरकवली. "बरं. सांगतो. त्यात लपवायचं काय आहे? मोठ्या लीगमध्ये सहा पूर्ण वर्षं झाली की खेळाडू मोकळा होतो, जाईल तिथे जातो. सोमवारनंतर आणला तर यंदाचं वर्ष पूर्ण धरत नाहीत. म्हणजे सातवं वर्षही आपलंच. एक आठवडा थांबायचं आणि ऐन भरातलं एक अख्खं वर्ष मिळवायचं. कुठलाही शहाणा माणूस हेच करेल. माग्दा, तूही हेच केलं असतंस."

माग्दा हिशेबाची बाई होती, आणि हिशेब बरोबर होता. आतापर्यंत ती एमॉसच्या बाजूची होती, कारण स्टेडियममधल्या रिकाम्या खुर्च्या बघून तिचे डोळे दुखत होते. पण एक आठवडा? आठवडाभर दुखले तर काय बिघडतं?

"खरंय," ती हळूच म्हणाली. "आठवडाच आहे, तिबोर."

तिबोरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. लिमातल्या पोरांना तो रागावला आहे हे त्याच्या गप्प राहण्यावरून कळे.

"आणि आठवडाभर मी त्याला काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांग, अजून तयार नाहीस."

"पण तो तयार आहे."

"तुला वाटतं."

"मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. लिमातल्या बस ड्रायव्हरलासुद्धा माहीत आहे. हस पडला ते काल सगळ्यांनी रेडिओवर ऐकलं. पोरांनी त्याची पाठ थोपटली, सामान आवर म्हणाले. आणि उद्या मी त्याच्यासमोर उभा राहून म्हणू, बाळा, तुझ्यात अजून कमी आहे? माझ्या तोंडून खोटं का बोलवून घेतोस, आंदोर?"

"तुझ्या बाबतीत जे झालं ते—"

"माझ्या बाबतीत काय झालं?"

अंगणातून मुलांचा कल्ला ऐकू येत होता.

"तुम्ही सगळे इतकी वर्षं मनात धरून बसलात की मला लवकर वर आणलं म्हणून मी संपलो," तिबोर म्हणाला. "बाबाही शेवटपर्यंत तेच समजत राहिले. मी कधी बोललो नाही, कारण कुणी विचारलंच नाही. मी लवकर वर आलो म्हणून नाही संपलो. शिट्ट्यांनी पण नाही. दुसऱ्या आठवड्यात मला चेंडू दिसायला लागला होता, आंदोर. शेवटच्या सामन्यात मी दोनदा जोरात मारला, दोन्हीदा झेल झाला. मी खूश होतो! मी त्या संध्याकाळी शिट्टी वाजवत ड्रेसिंग रूममध्ये आलो, आणि बाबा म्हणाले, सामान बांध, तू तयार नाहीस. लोकांना घाबरले होते ते. मला म्हणाले, तू तयार नाहीस. आणि मी ते खरं मानलं. बापाने सांगितल्यावर कोण मानणार नाही? त्यानंतर प्रत्येक चेंडूच्या वेळी मला तेच ऐकू यायचं."

इलोनाच्या हातातलं फडकं मांडीवर पडलं. ती उठली, मागचं दार उघडलं आणि हाक मारली, "एमॉस! ये रे आत."

तो आला. टाय खिशात होता आणि हातात एक निळं अंडं.

"बस. आता नीट सांग. वळणाऱ्या चेंडूवर फसतोस म्हणे तू?"

एमॉसने तिबोरकडे पाहिलं. तिबोरने मान डोलावली.

"फसतो, आजी. सरळ चेंडू कितीही वेगात येऊ दे, मी मारतो. वळणारा अजून पुरता ओळखता येत नाही."

"बघ," आंदोर म्हणाला. "तो स्वतःच सांगतोय. मग लिमात राहून शिक ना, बाबा."

"सर, लिमात तो मला कुणी टाकतच नाही." एमॉस उर्मटपणे बोलत नव्हता. वाट चुकलेल्याला रस्ता सांगावा तसा बोलत होता. "तिथे चेंडू टाकणाऱ्या पिचरांना तो इतका वळवताच येत नाही. ज्यांना येतो ते तुमच्याकडे वर निघून जातात. जो चेंडू मला येत नाही, तो फक्त इथेच आहे."

माग्दा मोठ्याने हसली. "आंदोर, याला तुझ्या ऑफिसात ठेव!"

"पहिले काही दिवस वाईट जातील," एमॉस पुढे म्हणाला. "लाज जाईल माझी. ती जाऊ दे. माझ्या बाबांनी मला उन्हात शेतावर जुन्या मोज्यांचा चेंडू टाकून शिकवलंय, तेव्हा सगळं गाव हसायचं. लाज मला नवी नाही."

आंदोर खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याच्या मनात आठवड्याचा हिशेब अजून तसाच उभा होता आणि तो चुकीचाही नव्हता. पण शिट्टी वाजवत येणारा एकोणीस वर्षांचा भाऊ त्याला दिसत होता, आणि तो त्याने त्या वेळी पाहिलाच नव्हता. त्याने फक्त प्रेक्षकांच्या शिट्ट्या ऐकल्या होत्या.

"आणला तर खाली पाठवायचा नाही," माग्दा मागून म्हणाली. ती पुन्हा बाजू बदलत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "आणि पोरगा एकटा नको. पहिल्या बेसपाशी उभा राहून धावणाऱ्यांना इशारे देणारा आपला कोच तापाने पडलाय. आठवडाभर कुणीतरी लागेलच."

तिबोरने मान वर केली. "माग्दा, नाही."

"का? तू तयार नाहीस?"

इलोना इतक्या जोरात हसली की तिला खोकला आला. तिबोरचे कान लाल झाले. आंदोर वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी घरातल्या माणसाचा भाव होता.

"मंगळवारी संध्याकाळी," तो म्हणाला. "दोघंही. आई, तुझं काय म्हणणं?"

"मी कधीच ठरवून टाकलं होतं," इलोना म्हणाली. "तुमचं व्हायची वाट बघत होते. खसखशीचा रोल कोण खाणार?"

*

मंगळवारी तिबोर मैदानात उतरला. गणवेश कमरेला घट्ट बसत होता. पहिल्या बेसपाशी चुन्याच्या चौकटीत उभा राहिला तेव्हा मागच्या रांगेतून एक घोगरा आवाज आला, "अरे, हा तर बापाचा लाडका! अजून जिवंत आहे!"

चारसहा म्हातारे हसले. तिबोरने मागे वळून टोपीला हात लावला. म्हातारे आणखी हसले, पण आता वेगळं.

एमॉसची पहिली खेळी एका मिनिटात संपली. समोरचा पिचर म्हणजे जुनं खोड होतं. त्याने तीन चेंडू टाकले, तिन्ही वळणारे, आणि एमॉस तिन्हीदा हवेत बॅट फिरवून बाद झाला. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी बॅटला चेंडू लागला, पण तो सरळ वर गेला आणि पिचरनेच हात वर करून झेलला. आता शिट्ट्या सुरू झाल्या.

वरच्या कक्षात माग्दा आणि आंदोर बसले होते. मधल्या खुर्चीत इलोना होती, मांडीवर ब्लँकेट घेऊन.

"शिट्ट्या मारतायत मेले," इलोना म्हणाली.

"मारू देत, आई," माग्दा म्हणाली. ती आंदोरकडे बघत होती. त्याच्या हाताशी फोन होता. सामना बरोबरीत होता, एक धाव निघाली की जिंकला. नववा डाव, टोलेडोची शेवटची फलंदाजी, आणि सगळ्यांत आधी एमॉसचीच पाळी. खाली मॅनेजर हॉयट ब्रॅनिगन बाकावरच्या एका अनुभवी फलंदाजाकडे बघून हनुवटी खाजवत होता. त्याने एकदा वर कक्षाकडेही पाहिलं.

"तो तुझ्याकडे बघतोय," माग्दा म्हणाली. "एक फोन केलास तर बदलेल तो."

"माहीत आहे."

"मग?"

आंदोरने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसला, लहानपणी चर्चमध्ये बसायचा तसा. इलोनाने ते पाहिलं आणि ब्लँकेटचा अर्धा भाग त्याच्या गुडघ्यांवर टाकला.

खाली ब्रॅनिगनने तिबोरला गाठलं. "काय करू? तुझं पोर आहे."

"संघ तुझा आहे, हॉयट. पण तो चेंडू त्याने आज सात-आठ वेळा पाहिलाय. लिमात वर्षभरात पाहिला नव्हता."

ब्रॅनिगनने जमिनीवर थुंकून एमॉसकडे बोट केलं. "जा, पोरा."

एमॉस उभा राहिला. पहिला चेंडू वळला. त्याने बॅट हलवली नाही. दुसरा वळला, तोही त्याने जाऊ दिला, पण या वेळी त्याची मान चेंडूबरोबर वळली, पार झेलणाऱ्याच्या हातात जाईपर्यंत. तिबोरने ते पाहिलं आणि तो चौकटीच्या कडेशी सरकला. बघतोय. दिसतोय त्याला.

तिसरा चेंडू तसाच आला, उंचावरून, कुणीतरी जिन्यावरून घसरावं तसा. एमॉस थांबला. आणखी थांबला. मग बॅट फिरली.

आवाज सगळ्या स्टेडियमने ऐकला. चेंडू मधल्या आणि उजव्या मैदानाच्या फटीतून गेला आणि भिंतीवर आपटला. तिबोर चौकटीतून जवळजवळ बाहेर आला. पन्नाशीला टेकलेला माणूस, गणवेश पोटावर ताणलेला, आणि दोन्ही हात चक्रासारखे फिरवत बोंबलत होता, "पळ! बघू नकोस! पळ रे पळ!"

एमॉस त्याच्यासमोरून वाऱ्यासारखा गेला. हेल्मेट उडून मागे पडलं. दुसरा बेस. थांबला नाही. चेंडू परत येत होता, एमॉसने तिसऱ्या बेसवर झडप घातली, धूळ उडाली, आणि पंचाने दोन्ही हात आडवे पसरले. पोहोचला होता!

शिट्ट्या आता दुसऱ्याच कारणासाठी वाजत होत्या. पुढच्या फलंदाजाने दुसऱ्याच चेंडूवर उंच फटका मारला. चेंडू डाव्या मैदानात खोलवर गेला, झेलला गेला, आणि झेल होताक्षणी एमॉस धाव पुरी करायला होमकडे, फलंदाजाच्या जागेकडे, निघाला. फेक चांगली होती. पण एमॉस त्याहून चांगला होता. तो पालथा घसरत आला आणि पंचाचे हात पसरायच्या आधीच अख्खा संघ बाकावरून मैदानात सांडला.

वर कक्षात आंदोर उभा राहून काहीतरी ओरडत होता. काय, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. माग्दाने त्याला कमरेला धरून उचलायचा प्रयत्न केला. इलोना दोन्ही मुठी हवेत नाचवत हंगेरियनमध्ये त्या पिचरला असं काही म्हणत होती, जे तिने मुलांना कधी शिकवलं नव्हतं.

*

ड्रेसिंग रूममध्ये आंदोर शिरला तेव्हा एमॉसच्या डोक्यावरून बिअर गळत होती आणि कुणीतरी त्याचा एक बूट पळवला होता. आंदोरला पाहून तो उठला. हसू आवरलं. वर्षभर त्याने या माणसाकडून एकच गोष्ट ऐकली होती, अजून थांब.

"कुठे उतरलास?" आंदोरने विचारलं.

"स्टेशनसमोरच्या हॉटेलात, सर. तुमच्या लोकांनीच खोली दिलीय."

"उद्या सकाळी सोड ती."

एमॉसचा चेहरा उतरला. त्याने खाली एका बुटातल्या पायाकडे पाहिलं. तिबोर कोपऱ्यातल्या बाकावरून ताडकन उठला.

"अरे, तसं नाही," आंदोर घाईने म्हणाला. "हॉटेलात पोट बिघडतं. भाड्याने घर बघ. आईला सांग, तिच्या गल्लीत एक रिकामं आहे. तळघर कोरडं आहे का ते आधी बघून घे."

एमॉसने आंदोरला, क्लबच्या सगळ्या खेळाडूंचं नशीब ठरवणाऱ्या त्या कडक माणसाला, बिअरने भिजलेल्या दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली. सूटची वाट लागली. आंदोर हलला नाही. एमॉसच्या खांद्यावरून त्याने भावाकडे पाहिलं.

"दोन खोल्यांचं आहे ते," तो तिबोरला म्हणाला. "तुला चालेल ना?"